तोतया पेशंट

लेकीला थोपटत ती दवाखान्याच्या बाकावर बसली होती. शेजारी दवाखान्याचा कॉम्प्युटर प्रोग्राम लिहिणारी बाई हाताखालच्याला फैलावर घेत होती.

“प्रोग्राम आधी पेशंटच्या जागी एक तोतया, नुसती नावापुरती नोंद, उभा करतो. ॲलर्जी विचारली की तो डेटाबेसमधून खरी माहिती आणतो. बरोबर?”

“हो, मॅडम. पण कनेक्शन तुटलेलं असलं की एक्सेप्शन फेकतो, माहिती आणता आली नाही म्हणून.”

“आणि ते झेलून तू काय दिवे लावलेस?”

“रिकामी यादी दाखवली. एरर आली की डॉक्टर वैतागायचे.”

“अरे शहाण्या, ‘माहिती मिळाली नाही’ आणि ‘ॲलर्जी नाही’ हे तुला एकच वाटलं? वैतागू दे की त्यांना. वैतागले तर निदान पेशंटला विचारतील.”

आतून नर्सने हाक मारली. “या. स्क्रीनवर बाळाला ॲलर्जी काही दिसत नाही.”

“दिसणार नाही,” लेकीला घेऊन उठत ती म्हणाली. “पेनिसिलीनची आहे. कागदावर लिहून घ्या.”