हायाशीसानचं यादीतलं नाव

डायरीत नोंद आहे: १७ जानेवारी, शिकागोजवळचं नेपरव्हिल, उणे बारा, सकाळपासून बर्फ.

आमचे शेजारी हायाशीसान आठवतात ना? एक्क्याऐंशी वर्षांचे, तरुणपणी जपानमध्ये, होक्काइदोत, स्केटिंगच्या शर्यती जिंकलेले. त्या दिवशी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढता काढता त्यांनी मला फोन दाखवला. त्यांच्या गावाच्या वेबसाइटवर नामवंतांची यादी होती आणि तिसरं नाव त्यांचं. जन्माचं साल बरोबर होतं. पुढे मृत्यूचंही साल होतं, नऊ वर्षांपूर्वीचं.

"पन्नास वर्षं गावाकडे फिरकलो नाही, त्यांना तरी कसं कळणार?" ते हसत म्हणाले. "पण नाव बघ! वडील म्हणायचे, तुझ्या स्केटिंगला कोण विचारतंय?"

"अहो, पण हे करेक्ट करायला हवं. मी ईमेल लिहिते."

"राहू दे गं."

घरी माझा नवरा मिलिंद म्हणाला, "यार, त्यांना चालतंय, मग तुला काय प्रॉब्लेम आहे?"

मला चुकीचं साल बघवत नाही. दोन दिवस मागे लागून मी त्यांचा होकार मिळवला आणि ईमेल पाठवला.

आठवड्याने उत्तर आलं. चुकीबद्दल मनापासून माफी मागितली होती. यादी फक्त दिवंगतांची असल्यामुळे त्यांचं नाव काढून टाकलं होतं. वेळ येईल तेव्हा कृपया कळवावं, पुन्हा घालू, असंही लिहिलं होतं.

हायाशीसाननी ते दोनदा वाचलं.

"तेव्हा मला काही कळवता येणार नाही," ते म्हणाले. "तू डायरी लिहितेस ना? हा ईमेल पत्ता लिहून ठेव."

मी तो पहिल्या पानावर लिहिला.