राजूरचं घर

(पांढरकवड्याजवळ, बुद्धविहाराच्या वृद्धाश्रमाचा ओटा.)

ममता : अन् मले इचारलंही नाई, माय? सरळ मृत्युपत्रच?

भगवानराव : ताई, मसुदा मी लिहिला, पण अजून सही झालेली नाही. तुम्ही आलात, आता दोघी बोलून घ्या. आश्रमाला घाई नाही.

ममता : तुमी नोको बोलू, सर. तुमी इथले व्यवस्थापक, तुमचा फायदा हाये.

रुखमाबाई : त्याइले काहून बोलतं? मीच म्हटलं, लिहा. मी मेल्यावर राजूरचं घर ह्या आश्रमाले.

ममता : ते विक्कीनं बांधलं.

रुखमाबाई : बांधलं, अन् राह्यला किती? लगन नाई, लेकरू नाई. खाणीतून घरी येता येता ट्रकखाली गेला. पोराचं घर मायच्या नावावर चढलं. असं कोणाच्या नशिबी नोको येऊ.

ममता : मग मी तुही कोणीच नाई काय?

रुखमाबाई : पोरी, मांडीचं हाड मोडलं तवा तीन महिने माहं हागणं-मुतणं इथल्या बायाइनं काढलं. बिजलीबाई सोता म्हातारी, पण मले घास भरवे. मांगल्या महिन्यात गेली ती. तिच्या मयतीले घरचं एक माणूस नाई आलं. ह्याच लोकाइनं त्रिशरण म्हणून नेलं तिले.

भगवानराव : तिची खाट दुसऱ्याच दिवशी भरली. अजून एकोणीस जण जागेची वाट पाहतात.

ममता : अन् गावात लोक म्हनतीन, लेकीनं पाह्यलं नाई म्हणून आश्रमाले देल्लं.

रुखमाबाई : विक्की गेल्यावर तू म्हने, दिवाई झाली का नेतो. मंग म्हने, उन्हाया निघू दे. मी लुगडे बांधून बसलती.

ममता : ह्याइनं नाई म्हटलं, माय. दोन खोल्यात तुही माय कुठी ठेवू, म्हने. मी चूप राह्यली.

रुखमाबाई : मालूम होतं मले.

ममता : आता मलेच काढलं त्यानं.

रुखमाबाई : काय म्हनतं?

ममता : दोन महिने झाले. दुसरी आणून ठेवली. चाबी होती माह्यापाशी, म्हणून विक्कीच्या घरात राहून राह्यली. शाळेत खिचडी रांधाले जातो.

रुखमाबाई : अन् मले सांगतलं नाई?

ममता : कोन्या तोंडानं सांगू? तुले जागा नाई देल्ली, अन् तुह्याच जाग्यात जाऊन बसली.

भगवानराव : रुखमाबाई, मी हा कागद फाडून टाकतो.

रुखमाबाई : फाडा. अन् दुसरा लिहा. ममता जिती हाये तोवर घर तिचं. नवरा येवो का कोणी येवो, तिले तिथून काढाचं नाई. तिच्या मांगं आश्रमाले. जमते का असं?

भगवानराव : जमतं. वकिलाकडून नीट लिहून घेऊ, दोन साक्षीदार बोलावू.

ममता : माय, तू चाल ना घरी. आता नाई म्हननारं कोणी नाई.

रुखमाबाई : चार वर्साआंधी म्हटलं असतं, तर चपला न घालता आली असती. आता नाई होत, बाई. इथं सकाळच्या वंदनेले दोन म्हाताऱ्या माह्याच हाताले धरून बसतात.

ममता : मंग मीच येत जाऊ? दर आइतवारी?

रुखमाबाई : ये. पण येतो म्हणून सांगू नोको. तशीच ये.