पोटातला पंप

नाशिकच्या एका दवाखान्यात दोन म्हाताऱ्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. दिंडोरीच्या चतुराबाईंच्या पोटात औषधाचा पंप बसवलेला होता, तो त्यांना भरून घ्यायचा होता. झुंबरबाईंना तसाच पंप आज बसवायचा होता.

"यानं पाठीचं दुखणं थांबतं का हो, चतुराबाई?"

"पार थांबलं. गोळ्यांनी नुसती गुंगी यायची. आता औषध थेंबाथेंबानं थेट मणक्यात जातं."

"लय बरं झालं. संगं कोण आलंय?"

"कोणी नाय. एकटीच एसटीनं आले."

"पोरं?"

"दुखत होतं तवा दोघं आळीपाळीनं उशाशी बसायचे. सून हातानं भरवायची. आता म्हणतात, आई ठणठणीत झाली."

"मग दिवसभर करता काय?"

"द्राक्षबागेतल्या मजुरांच्या भाकरी थापते. वीस माणसांच्या."

"आन् सून?"

"तिची पाठ दुखती."

तेवढ्यात झुंबरबाईंचा मुलगा व्हीलचेअर ढकलत आला.

"आई, नंबर आला. गळ्यात हात टाक, उचलून बसवतो."

"किशोर, डॉक्टरांना सांग बाबा, आज काही एवढं दुखत नाय."