मुखवासाच्या डब्यातल्या एकोणीस गोळ्या

नाही, मला सांगा, व्हिटॅमिनची कोणी आरती करतं का? आमच्या चंदनअक्काने तेवढीच बाकी ठेवली होती! अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझी बायको राजकुंवर गेल्यापासून जळगावला आमच्याकडेच असते. तुमचाही नंबर लांब आहे ना? मग ऐका. ही शेजारी बसलीय ती माझी मुलगी चेलना, सतरा वर्षांची. हिला फिट येतात. ह्याच डॉक्टरांनी रक्त तपासलं, व्हिटॅमिन कमी निघालं, म्हणून पिवळी गोळी दिली आणि बोट वर करून म्हणाले, "प्रेमचंदभाऊ, ही फिटच्या पांढऱ्या गोळीच्या जोडीला. ऐवजी नाही!"

पिवळी सुरू झाली आणि फिट बंद! झालं... अक्काचे गल्लीभर फोन! "अगं, पांढरीनं पोर नुसती पेंगायची, आता बघ कशी टवटवीत!" मी म्हणतोय, अक्का, जोडीला, ऐवजी नाही... तर म्हणते, "तू गप रे, कापड मोज!" बरं, दिसत होती हो टवटवीत. तिथेच मला शंका यायला हवी होती.

आज सकाळी शेजारचे झुलालभाऊ आले. चहा झाला, मुखवासाचा डबा उघडला, बडीशेपेत बोटं घातली. "प्रेमचंदभाऊ, हाई काय नवीन शे? बठ्ठं कडू लागस ना भो!" बघतो तर पांढऱ्या गोळ्या! त्यांच्या तोंडातली थुंकायला लावली ती धरून एकोणीस!

चेलना म्हणाली, "पप्पा, मी चौविहार घेतलाय." म्हणजे सूर्य मावळला की पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आणि मी शहाणा दुकान बंद करून साडेआठला घरी येणार, तिच्या तळहातावर गोळी ठेवणार, "घेते ना, पप्पा," म्हणणार ती, आणि मी चपला काढायला वळलो की गोळी डब्यात! फेकली नाही हं, वाया जाईल म्हणून. व्यापाऱ्याची मुलगी ना!

"मम्मी पाळायची ना, म्हणून घेतला."

धावत जैन स्थानकात, साधूंकडे गेलो. महाराजसाहेब म्हणाले, "औषधाला मोकळीक असते, प्रेमचंदजी. विचारायचं तरी." एकोणीस संध्याकाळी! कुणी विचारलंच नाही!

मग डॉक्टरांना फोन. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं हो... ते हळूच म्हणाले, "एक गोळी आत्ता द्या. तिला एकटीला सोडू नका. लगेच धुळ्याला निघा."

एरंडोल मागे पडलं तेव्हापासून हिचा डावा अंगठा उडतोय. हिला विचारलं, तर म्हणते मोबाईलने. मोबाईल माझ्या खिशात आहे! तुम्हाला सांगतो, गाडीत मी रस्त्याकडे कमी आणि त्या अंगठ्याकडे जास्त बघत होतो... बघा, आत्ता पुन्हा उडाला. पाहिलंत ना तुम्ही?

थांबा, अक्काचा फोन. "हो अक्का... हो, पिवळीही दिली... नाही अक्का, जोडीला, ऐवजी नाही!"

किती नंबर झाले? बारा? आमचा अठरा.

राजकुंवर गेल्यावर मला वाटायचं, आता घरात तिच्या ऐवजी मी आहे. कसलं ऐवजी... तिला अंगठा बघायची गरज नसायची, पोरीचा श्वास ऐकून कळायचं. मी आपला जोडीला बसलोय, हिचा हात धरून... आणि तो अंगठा माझ्याही हाताला उडवतोय.

अहो, जरा पुढे सोडता का आम्हाला?