आत्याचे सोळा कोर

दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांची भाची. काउंटरवर त्यांचा कॉम्प्युटर, पलीकडे दुरुस्तीवाला.

“सोळा कोरचा प्रोसेसर बसवलाय! आज पाच वाजता तुझ्या बापाला व्हीआर टेबल टेनिसमध्ये धूळ चारते की नाही बघ.”

“आत्या, काल सरावात चेंडू हवेतच थांबत होता. हरलीस तर बाबा जन्मभर ऐकवतील.”

“मॅडम, कोर म्हणजे प्रोसेसरमधले कामकरी. हा गेम त्यातले सहाच वापरतो, बाकीचे दहा बसून असतात. चित्र काढतं ते ग्राफिक्स कार्ड, आणि तुमचं फार जुनं झालंय. ते बदला.”

“दहा जण बसून? तीस वर्षं मागच्या बाकावरच्यांना कामाला लावलंय मी. यांनाही लावलं.”

“म्हणजे काय केलंत?”

“गेमबरोबर दहा व्हिडिओ चालू ठेवले. प्रत्येकाला एक.”

“अगं आत्या, म्हणूनच जास्त अडकतंय!”

“शिस्त लागायला वेळ लागतो. कार्डबिर्ड काही बदलणार नाही. आण तो हेडसेट, इथेच दाखवते.”

“मॅडम, इथे जागा कमी आहे...”

“मग तुम्ही बाजूला व्हा!”

आत्याबाईंनी हेडसेट डोळ्यांवर चढवून सर्व्हिस केली. चेंडू हवेत थांबला, हात थांबला नाही. कॉम्प्युटर काउंटरवरून खाली पडला. तेव्हा पावणेपाच वाजले होते.