काचेच्या भिंती

मिलवॉकीच्या नव्या सभागृहात पहिली तालीम नुकतीच संपली होती. कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे वाद्यवृंदातल्या बासरीवादक आर्लीन डोम्ब्रोव्स्की आणि इमारतीचे वास्तुकार प्रेस्टन हेल उभे होते.

“कसं वाटलं सभागृह, आर्लीनबाई?”

“झकास! मी सूर लावला एकदा, ऐकू आला तीनदा. उरलेल्या दोन बासरीवाल्यांना घरी पाठवा.”

“लोक बसले की घुमणं कमी होईल.”

“भिंतींवरही बसवणार का लोक? काच आहे ती, साहेब.”

“काचेतून सरोवर दिसतं.”

“मग आम्ही कशाला? बदकंच दाखवा. तो ध्वनितज्ज्ञ लाकूड लावा म्हणत होता, त्याला काढलंत म्हणे?”

“माझ्या भिंती झाकायला निघाला होता तो!”

“अरेरे! कान शाबूत असलेला माणूस, त्याचा इथे काय उपयोग!”

“शनिवारी उद्घाटन आहे. आता काय करू?”

“शनिवारी माझा शेवटचा कार्यक्रम आहे. एकतीस वर्षं वाजवलं. आई येणार आहे, ब्याण्णव वर्षांची. तिला एकाच कानानं ऐकू येतं. त्या कानात माझा सूर एकदाच जाऊ द्या.”

रांग पुढे सरकली. साहेब तिथेच उभे राहिले.

“पडदे लावतो. रंग कुठला हवा?”

“जाड.”