पेवातली हवा

(तळेगाव ढमढेरे, १९६२. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या अकिलाबाई दहावीतल्या सोजराच्या घरी आल्या आहेत.)

सारजाबाई : ...मी कालबी म्हणले, जा शाळंत. लेक ऐकतच न्हाई. थोरला भाऊ मल्हारी गेला, म्हणून हिनं बी घरात कोंडून घ्यायचं व्हय? तुम्हीच समजवा बाई. मी च्या टाकते. गुळाचा चालंल न्हवं?

अकिलाबाई : चालेल, सारजाबाई.

सोजरा : आई आत गेली. बाई, मला तो धडा वाचवत न्हाई.

अकिलाबाई : कोणता?

सोजरा : कर्बवायूचा. कर्बाला चार हात. दोन एका प्राणवायूनं धरले, दोन दुसऱ्यानं. बाहेर कुणाला धरायला हात उरत न्हाई. म्हणून रेणू सुटे सुटे, म्हणून तो वायू. हवेपेक्षा जड. रंग न्हाई, वास न्हाई.

अकिलाबाई : वर्गात तुझ्याइतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

सोजरा : व्हय. तुम्ही शाबास म्हणलात.

अकिलाबाई : मल्हारी ज्वारी काढायला जमिनीतल्या पेवात उतरला, तेव्हा तू तिथं होतीस?

सोजरा : शिडी मीच धरलेली. पेव उघडलं की आबा आधी कंदील सोडून बघायचे, जळत राहिला तरच उतरायचे. आबा गेलेले शिरूरला. दादानं कंदील सोडला, तर विझला. म्हणाला, घासलेट संपलं असंल.

अकिलाबाई : मग?

सोजरा : मग म्हणाला, तू शाळा शिकतीस, बघ हवा बरी हाय का. मी वाकून हुंगलं. ज्वारीचाच वास होता. म्हणलं, दुसरा वास न्हाई. उतर.

अकिलाबाई : सोजरा...

सोजरा : पाठ होतं बाई. पण तो वायू मला शाळेतल्या बाटलीतला वाटायचा.

अकिलाबाई : बंद पेवात दाणाही श्वास सोडतो. तोच वायू तळाशी साठतो. मला माहीत होतं गं. पण मी वाढले दौंडच्या रेल्वे चाळीत, पेव कधी पाहिलं नाही. तुमच्यात कुणाकडे पेव आहे, एवढंही मी वर्गात विचारलं नाही.

सोजरा : आईला यातलं काय ठावं न्हाई.

सारजाबाई : घ्या च्या. काय म्हणती? येती का? मल्हारीच म्हणायचा, हिला शिकू द्या, घरात एकाला तरी कळू द्या.

अकिलाबाई : सारजाबाई, कप खाली ठेवा. बसा इथं. आम्हा दोघींना तुमच्याशी बोलायचंय.